टवके

दिवाळी झाली की आमच्या घरात दोन कामं ठरलेली. गाद्या-रजया गच्चीवर टाकून त्यांना ऊन दाखवायचं आणि गाडी मन लावून धुवायची. पहिलं काम माझं, दुसरं यांचं. गेल्या वर्षी यांचा उजवा खांदा धरला, हात छातीच्या वर जाईना, म्हणून गाडीही माझ्या वाट्याला आली. त्या धुण्यातून काय निघालं ते सांगायचं आहे, पण आधी गाडीबद्दल.

गाडी म्हणजे 2013 सालची वॅगन आर. रंग चंदेरी, कंपनीच्या भाषेत 'सिल्की सिल्व्हर'. घर आमचं बेळगावात टिळकवाडीला, पण निम्मा संसार निपाणीच्या रस्त्यावर. माझं माहेर निपाणीकडचं, यांच्या दोघी बहिणी सदलगा-बोरगाव भागात दिलेल्या, आणि जमेल त्या अमावस्येला स्तवनिधीला जायचा परिपाठ सासूबाईंपासूनचा. म्हणजे महिन्यातून दोन-तीनदा तरी काकती, यमकनमर्डी, संकेश्वर करत तवंदीच्या घाटापर्यंत जाणं आलंच. या रस्त्याला पूर्वी चार नंबरचा हायवे म्हणायचे, आता त्याचा नंबर 48 झालाय. आम्ही मात्र अजून पुणे-बेंगळूर रोडच म्हणतो. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पुढं, बाजूनं खडीचा डंपर, आणि मधे आपण. डंपरच्या चाकाखालून खडा सुटतो आणि बॉनेटवर 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज आला की हे, कुणी चिमटा काढल्यासारखे, "स्स" करायचे. "गेला टवका."

गाडी धुतली तेव्हा बॉनेटवर आणि त्याच्या पुढच्या कडेला मिळून मी 17 टवके मोजले. दोन ठिकाणी तांबूस-काळा ठिपका धरलेला. बेळगावचा पावसाळा चार महिन्यांचा. उघड्या पत्र्याला गंज धरायला त्याहून चांगली हवा कुठली मिळणार!

मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, कशाला कुटाणे? पेंटरकडं टाक, अख्खं बॉनेट मारून देईल." ओळखीच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट आणि बंपर मिळून 8,000 रुपये सांगितले. ते ऐकून हे खुर्चीतून उठायचेच बाकी राहिले. "कंपनीनं भट्टीत भाजून पक्का केलेला रंग. तो घासून काढणार आणि हा उघड्यावर मारणार? 17 ठिपक्यांसाठी? मी सांगतो तसं कर."

यांनी सांगावं आणि मी ऐकावं, यात नवल काही नाही. पण या बाबतीत त्यांना अधिकार होता. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ते 34 वर्षं पॅटर्न शॉपमध्ये होते. लोखंडात जो भाग ओतायचा त्याचा आधी लाकडात हुबेहूब नमुना करायचा, वाळूत दाबून तो काढून घेतला की पोकळी उरते, तिच्यात बिडाचा रस. त्या लाकडावर मोहरीएवढा खड्डा राहिला तरी तो प्रत्येक कास्टिंगवर उठणार. त्यामुळं खड्डा भरणं, घासणं आणि पुन्हा बोट फिरवून बघणं यात त्यांची उमर गेली. (त्या लाकडाला चपडा लावायचे. चपडा लाखेच्या किड्यांपासून होतो हे सासूबाईंना कुणीतरी सांगितलं, तेव्हा महिनाभर घरात यांना देवपूजेची ताटली शिवायला बंदी होती.)

पहिला धडा नखाचा. टवक्यावरून नख अलगद फिरवायचं. नख अडकलं नाही तर वरचा पारदर्शक थर तेवढा गेलाय, पॉलिश पुरतं. अडकलं तर रंग भरायला हवा. गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यांत वर क्लिअरकोट असे थर असतात, आणि ते सगळे मिळून जाडी जेमतेम 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे एक-दोन केसांएवढी. एवढ्याशा कपड्यावर ही गाडी बारा पावसाळे उभी होती!

मग रंग आणायला मी बाजारात गेले. "सिल्व्हर म्हणजे सिल्व्हरच की ओ काकू, कुठलाबी घ्या," दुकानातला पोरगा म्हणाला. तसं नसतं. प्रत्येक कंपनीचं चंदेरी वेगळं. बॉनेट उघडलं की आत एक पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर रंगाचा कोड असतो. आमचा झेड टू एस. त्या कोडची बाटली पहिल्या दुकानात नव्हती, तिसऱ्यात मिळाली. साडीवर ब्लाउजपीस जुळवायला दहा दुकानं पालथी घालणाऱ्या बाईला यात अवघड काय?

आता करायचं कसं ते सांगते, कारण हे वाचून चारजणी तरी नेलपॉलिशची बाटली शोधतील. नेलपॉलिशनं टवका झाकतो, पण उन्हात रंग बदलतो, आणि मग तो काढायला रिमूव्हर लावलात तर आजूबाजूचा चांगला रंगही मऊ पडायची भीती. ते नको. गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना धुवायची. कपड्याची पावडर वापरायची नाही, गाडीचा शाम्पू मिळतो. बादल्या दोन, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. फडक्यात अडकलेला वाळूचा कणच नवे ओरखडे काढतो. पाणी गाळून घ्यायची सवय आपल्या हाडीमाशी. इथं जिवाणूंसाठी नव्हे, वाळूसाठी गाळलं एवढंच. कोरडं झालं की टवक्याची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, म्हणजे मेण-तेल निघून जातं. करोनातलं उरलेलं सॅनिटायझर मी नेलं होतं. "त्यात ग्लिसरीन असतंय, रंग धरणार नाही," म्हणून यांनी ते परत पाठवलं.

गंज असेल तर तो आधी पूर्ण काढायचा. याची युक्ती यांची: पॉलिश पेपरची टिकली कागद पंच करायच्या यंत्रानं पाडायची, पेन्सिलीच्या मागच्या रबराला चिकटवायची आणि तेवढाच ठिपका गोल गोल घासायचा. चकचकीत पत्रा दिसला की थांबायचं. उघड्या पत्र्यावर प्रायमरचा थेंब, तो वाळला की रंग. बाटली दोन मिनिटं तरी हलवायची, कारण चंदेरीपणा ज्या धातूच्या कणांमुळं असतो ते तळाशी बसतात. आणि ब्रश नको, टूथपिक घ्या. मी पहिला टवका भरला तो कुंकू लावावं तसा. चांगला टपोरा.

"हे काय करायलीस? टिळा लावायलीस काय? थेंब ठेव, पसरू नकोस. आपला आपण पसरतो तो."

थेंब ठेवला, सपाट झाला. तासाभरानं बघते तर पुन्हा खळगा. यांना गंमत वाटली. बिडाचा रस थंड होताना मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर आकसतो, म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा करावा लागतो. रंगातलं द्रावण उडून जातं, तोही आकसतो. एका थेंबात भरलं असं कधीच होत नाही. तीन वेळा भरायचं, दर खेपेला तास-दीड तास थांबायचं, शेवटी रंग कणभर वर आला पाहिजे. एक दिवस सोडून वर क्लिअरकोट. आठवडाभर हात लावायचा नाही. मग 2000 नंबरचा पाण्याचा पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून बोटाच्या पेरानं, जोर न लावता, वरचा उंचवटा घासून पातळीला आणायचा. जागा धुरकट पांढरी दिसते, तेव्हा छातीत धस्स होतं. रबिंग कंपाउंड चोळलं की चमक परत येते. मेणाचं पॉलिश महिनाभर लावायचं नाही. आणि बंपर प्लास्टिकचा, त्याला गंज नाही, त्यामुळं तिथं घाई नाही.

खोटं कशाला सांगू, चंदेरी रंगात टवका पूर्ण गायब होत नाही. धातूचे कण कंपनीत जसे बसले तसे टूथपिकनं बसत नाहीत. एका कोनातून ठिपका दिसतोच. चार फुटांवरून दिसला नाही म्हणजे जमलं.

हे सगळं मी बॉनेटपाशी आणि गाडीच्या उजव्या बाजूला करत होते. आमच्या पोर्चमध्ये गाडीची डावी बाजू कंपाउंडच्या भिंतीकडे असते, मधे एक माणूस आडवा जाईल एवढीच जागा. धुताना मी तिकडं वळले तेव्हा हे म्हणाले, "तिकडं राहू दे. तिकडं काही नाही." मी पाणी ओतून परत आले होते.

आठ दिवसांनी हे बसदीला गेले असताना माझ्याजवळ रंग उरला होता. म्हटलं, बघू या तिकडंही. आडवी होऊन भिंतीला पाठ लावून सरकले.

आरशाच्या टोपीवर, मागच्या दारावर, चाकावरच्या मडगार्डवर दोन आणि बंपरच्या कोपऱ्यावर एक. पाच ठिकाणी चंदेरी रंग लावलेला. पण झेड टू एस नव्हे. नव्या कल्हईसारखा पांढराशुभ्र चमकणारा. तो रंग मी ओळखला. आमच्या गेटच्या ग्रिलला मारलेला ॲल्युमिनियम पेंट. त्यात ब्रशाचे फराटे, एका ठिकाणी खाली ओघळ. 34 वर्षं लाकडावर बोट फिरवून खड्डा शोधणाऱ्या माणसाचा हा हात! अंधारात, घाईनं मारलेला. आणि हे खड्यांचे टवके नव्हते. खडा ठिपका पाडतो. हे लांब ओरखडे होते, एकाखाली पोचा. खांब, भिंत, कुणाचं तरी हँडल. पाचही डाव्या अंगाला.

मी बादली पालथी घालून तिच्यावर बसले. मग एकेक आठवायला लागलं. जेवताना डाव्या हाताचा तांब्या महिन्यातून दोनदा लवंडायचा. कपाटाचं उघडं दार डाव्या कपाळाला लागलं, तेव्हा मीच उलट बोलले होते, "बघून चालायला काय होतंय?" बसदीत कुणीतरी बाजूनं "जय जिनेंद्र" म्हणालं आणि हे तसेच पुढं गेले. नणंदेच्या कानावर आलं, "दादा हल्ली बोलत नाहीत कुणाशी." आणि संकेश्वरजवळ एक मोटारसायकलवाला काचेवर हात मारून ओरडत गेला होता. "माजलेत सगळे," हे म्हणाले होते. मीही "हो की," म्हटलं होतं.

आमच्याकडे जेवणं दिवस मावळायच्या आत होतात, त्यामुळं संध्याकाळ मोठी असते. भांडी झाली, दिवा लावला. मी विचारलं, "गेटच्या रंगाचा डबा कुठं ठेवलाय ओ?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "मीच मारला."

"कधी?"

"एक नव्हे. होईल तसा."

मी गप्प. त्यांनी आधी खांबाला दोष दिला, मग पार्किंगला, मग पोरांच्या गाड्या चालवण्याला. मी गप्पच राहिले. शेवटी म्हणाले, "डावीकडनं जे येतंय ते एकदम येतंय. नसतंय, नसतंय, आणि असतंय."

हे वाक्य माझ्या पोटात अजून आहे.

मी म्हटलं, "मला सांगायचं की." तर हे माझ्याकडं बघून म्हणाले, "तू सांगितलंस काय? गेटचा खांब?"

2014 मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी गाडी शिकले. एके दिवशी हे कामावर असताना रिव्हर्स घेताना उजवं मागचं दार गेटच्या खांबाला घासलं. वीतभर ओरखडा. मी देवासमोर हात जोडले आणि गाडी आत लावून टाकली. कुणी काही म्हणालं नाही. चार दिवसांनी पाहिलं तर मला ओरखडा सापडेना. मला वाटलं, धुळीचाच असेल, पुसला गेला. अकरा वर्षं मी तसंच समजत होते.

"रात्री बसून काढला," हे म्हणाले. "तू घाबरून गाडी सोडली असतीस."

दरवर्षी दशलक्षण संपलं की क्षमावाणीला आम्ही दोघं एकमेकांसमोर हात जोडतो. आधी तिसऱ्या दिवशी आर्जव धर्मावर महिला मंडळात मी बोलते, मन-वाणी-कृती सरळ असावी वगैरे. अकरा वर्षांत गेटचा खांब मला एकदाही आठवला नव्हता. आणि त्या वर्षीच्या क्षमावाणीला समोर हात जोडून उभ्या असलेल्या माणसाच्या गाडीवर पाच फराटे होते.

तरी मी ते सोडून दिलं नाही. माझा ओरखडा शिकतानाचा होता. यांचे पाच वेगळे होते, आणि ते झाकून चालणार नव्हतं. तवंदीच्या घाटात डावीकडं माणसं चालत असतात. अमावस्येला तर बायकापोरं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्यायला तीन आठवडे गेले. "चष्मा बदलून आणतो," इथपासून सुरुवात. तिथं डोळ्यांचा दाब मोजला, मग एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. समोर नजर ठेवायची आणि बाजूला बारीक दिवा दिसला की बटण दाबायचं. मी बाहेरून बटणाचा आवाज ऐकत होते. मधेच लांब शांतता पडायची. दिवे लागत होते, हे दाबत नव्हते.

काचबिंदू. डावा डोळा बराच, उजव्याला सुरुवात. डॉक्टरांनी समजावून सांगितलं: दुखत नाही, खुपत नाही, समोरचं नीट दिसतं, वाचता येतं. कडेची नजर हळूहळू जाते आणि मेंदू ती जागा आपल्या अंदाजानं भरून टाकतो, म्हणून माणसाला कळतच नाही. गेलेली नजर परत येत नाही. थेंबांनी दाब कमी ठेवून उरलेली टिकवायची. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा, घरात कुणाला असेल तर भावा-बहिणींनी आणि मुलांनी नक्कीच. नणंदांना मी त्याच संध्याकाळी फोन केले. एकीनं ऐकलं, दुसरी अजून "बघू की वैनी" म्हणते.

गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. यांनी मान हलवली आणि घरी आल्यावर किल्ली शर्टाच्या खिशात ठेवली. पंधरा दिवस ती तिथंच. पूजेला बसताना शर्ट बदलला की किल्लीही बदलायची. मी भांडले. मुलाकडून फोनवर सांगून बघितलं, त्यावर तर दोन दिवस अबोला. एका सकाळी बघते तर किल्ली माझ्या चष्म्याच्या घरावर ठेवलेली. कुणी काही बोललं नाही. चहा झाला.

डावी बाजू आम्ही दोघांनी मिळून केली. गाडी उलटी लावून ती बाजू उजेडात आणली, हे काम माझं, आणि एकदा मागं-पुढं करताना मी तुळईएवढा घाम गाळला. ॲल्युमिनियम पेंट काढायला पेंटर थिनर सुचवत होता. हे म्हणाले, थिनरनं खालचा रंगही मऊ होईल. टर्पेंटाइननं भिजवून, जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेनं खरवडून, राहिलेलं 2000 च्या पेपरनं, असं तीन दुपारी चाललं. थेंब डोळ्यांत घालायची वेळ झाली की काम बंद. आरसा आणि दार बरं जमलं. मडगार्डचा पोचा लांबी भरल्याशिवाय होणारा नाही, तो तसाच ठेवलाय. मुलगा आला की म्हणतो, "हे काय, एवढं राहिलं होय?" असू दे.

यांचं बोट मात्र डोळ्यांपेक्षा तल्लख. मी "झालं," म्हणायची, हे डोळे मिटून बोट फिरवायचे. "अजून उंच आहे. घास."

पौषातल्या अमावस्येला मी गाडी काढली. हे डावीकडे बसले. त्या सीटवर बसायची त्यांना सवय नाही, पाय उगाच ब्रेक दाबत होता. हत्तरगीच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या लागल्या, मी मागंच राहिले. "काढ की पुढं," म्हणाले, आणि मग लगेच, "नको, राहू दे. घाई काय आहे?" संकेश्वर गेलं. घाट लागायच्या आधी एक डंपर बाजूनं सुसाट निघाला आणि 'टक्'.

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. हे "स्स" म्हणाले नाहीत.

"बॉनेट," म्हणाले. "तुझ्या बाजूला. कडेपासून वीतभर आत."

स्तवनिधीला पोचून मी गाडी लावली, सीटखालून नारळाची पिशवी काढली, काच वर केली. तोवर हे उतरून, टपाला हात लावत, पुढून वळून माझ्या बाजूला आले होते. बॉनेटवर बोट फिरवत उभे.

"नख अडकतंय," म्हणाले.